आहेराची लाकडी पेटी

लेक, नात, भाची किंवा सून हिच्यासाठी घरच्या माणसांनी स्वतः घडवलेली किंवा सुताराकडून घडवून घेतलेली झाकणाची मोठी पेटी. लुगडी, पैठण्या, चांदी-पितळेची भांडी, दागिन्यांचे डबे, जुनी पत्रे आणि छायाचित्रे असा ऐवज तीत राहतो. अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘संदूक’ हा शब्द अशा पेटीसाठी मराठीत रुळला. ‘पेटारा’ मूळचा वेताचा किंवा बांबूचा. पुढे लाकडी पेटीलाही लोक पेटारा म्हणू लागले. तिची धाकटी बहीण म्हणजे फणेरपेटी. आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा ठेवण्याच्या अशा पेट्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात.

युरोप-अमेरिकेत ‘होप चेस्ट’ नावाची पेटी मुलगी लग्नाआधी वर्षानुवर्षे भरत असे. इटलीतील पंधराव्या शतकातले चित्रांकित ‘कासोने’ आणि काठेवाडातला पितळी पत्र्याने मढवलेला, चाकांवरचा ‘पटारा’ ही त्याच कुळातली रूपे. महाराष्ट्रात आहेर आणि रुखवत मांडून दाखवले जाते, पेटी मात्र मिटलेली असते. सासरच्या घरात जिची किल्ली केवळ नवरीच्याच हाती, अशी वस्तू म्हणून पेटीचे मोल तिच्यातल्या ऐवजाहून अधिक आहे.

या मालकीला धर्मशास्त्राचा आणि कायद्याचाही आधार आहे. मनुस्मृतीने सांगितलेल्या स्त्रीधनाच्या सहा प्रकारांत भाऊ, आई आणि बाप यांनी दिलेले धन येते. स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालमत्ता आहे, पती तिचा सहमालक नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात दिला. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ चा. मागणी न करता दिलेली भेट त्यात हुंडा ठरत नाही. मात्र १९८५ च्या नियमांनुसार भेटींची लेखी यादी करावी लागते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते तीत असते, खाली वधूवरांच्या सह्या. पेटी या यादीत आवर्जून लिहावी. सासरकडून मागितलेली पेटी, मग ती बापाने कितीही मायेने रंधलेली असो, हुंडाच होय.

पेटी घडवायची तर आधी लाकूड कुठून आणायचे ते पाहावे लागते; गोखिवऱ्याचे उदाहरण घेऊ. गोखिवरे हे वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला, तुंगारेश्वराच्या डोंगरपायथ्याचे गाव. २००९ पासून ते वसई-विरार महानगरपालिकेत आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) वसईत जहाजे बांधली जात आणि इमारती लाकडाचा व्यापार चाले. आज डोंगरावरचे जंगल २००३ पासून अभयारण्य आहे. तिथले लाकूड पेटीसाठी नाही. खासगी जमिनीतला सागही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून इथे पेटी करणाऱ्याने लाकूड वखारीतून पावतीसह घ्यावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जुन्या घराच्या मोडीतला साग. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या तुळईला आता आणखी वाळायचे नसते. ताज्या लाकडाला उघड्यावर वाळायला इंचभर जाडीमागे वर्षभर द्यावे लागते, आणि लग्नाची तारीख तेवढी थांबत नाही.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटीला एक इंची फळीने सुमारे अडीच घनफूट लाकूड लागते; कापाकापीची तूट धरून साडेतीन घ्यावे. अशी पेटी रिकामीच चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. त्यामुळे दोन्ही बाजूंना भक्कम कड्या हव्यात, आणि मुलीच्या इमारतीचा जिना आधी मोजलेला बरा. ओंडक्याच्या बाहेरचा पांढुरका भाग भुंगेऱ्यांना आवडतो; तो सारा काढून टाकावा.

खरी कसोटी पावसाळ्याची. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही. रुंदीत मात्र जून ते सप्टेंबर फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तळाची फळी खिळ्यांनी ठोकून टाकली तर ती एक दिवस चिरणारच. ती चारी बाजूंच्या खाचेत सैल बसवतात, सरस न लावता. कोपऱ्यांना डव्हटेल सांधा उत्तम. पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकले की ओढ कितीही असो, फळ्या सुटत नाहीत. करवत आणि पटाशी नवख्या हाताला हे दात सहज कापू देत नाहीत, म्हणून आधी टाकाऊ फळीवर चार-पाच कोपरे करून पाहावेत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, म्हणून बिजागऱ्या, स्क्रू आणि कडी-कोयंडा पितळी.

बाहेरून लाखेचे पॉलिश किंवा जवसाचे तेल. आतून पॉलिश नको, त्याचा वास कपड्यांत बसतो. सागाच्या तेलाचा डाग पैठणीवर पडू नये म्हणून धुतलेल्या मांजरपाटाचे अस्तर लावतात, कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. अमेरिकेत ‘सीडर’ म्हणून वापरतात तो खरा देवदार नव्हे, जुनिपर आहे. आपल्याकडे हिमालयातल्या देवदाराच्या पातळ पट्ट्या आत बसवता येतात.

कुलपाबाबत एक गोष्ट जिवाची आहे. अमेरिकेत लेन कंपनीच्या, १९१२ ते १९८७ दरम्यानच्या पेट्यांचे झाकण पडताच आपोआप कुलूपबंद होई. आत लपलेली मुले गुदमरून दगावली, आणि १९९६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपे बदलण्याची मोहीम घ्यावी लागली. कुलूप किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारेच असावे, झाकणाला आपटू न देणारा आधार असावा आणि मागच्या फळीत हवेची दोन भोके ठेवावीत.

झाकणाच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्याचे नाव, साल आणि लाकूड कुठून आणले ते लिहिले जावे. उरलेल्या फळीचा एक तुकडा आणि दोन जास्तीचे स्क्रू अस्तराखाली ठेवावेत. वीस वर्षांनी पेटी दुरुस्तीला आली तर सुताराला त्याच तुळईचे लाकूड हाती येते.