रॉकेलचा भाव आणि सरकारचा शब्द

कोल्हापुरातील कोणत्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहिले, तर एखादा तरी गंजलेला चौकोनी डबा सापडल्यावाचून राहणार नाही. चार गॅलनांचा हा पत्र्याचा डबा मूळचा घासलेटचा. आतले तेल संपले की त्याला दुसरा जन्म लाभत असे. वर लाकडी दांडी ठोकली म्हणजे तो पाणी भरावयाच्या कामी येई. झाकण बसविले म्हणजे त्यात ज्वारी किंवा गूळ राही. उभा कापून सपाट केला म्हणजे गोठ्याच्या छपरास पत्रा होई. आणि कशाचाच उपयोग उरला नाही म्हणजे परसात तुळशीचे रोप लावावयास तो पुरे. घराघरांत इतका मुरलेला दुसरा परदेशी जिन्नस आम्हांस तरी आठवत नाही. भाषेनेही त्यास आपल्या घरात घेतले. ‘गॅसलाइट’चे ‘घासलेट’ आणि ‘रॉक ऑइल’चे ‘रॉकेल’ झाले, व हे दोन्ही शब्द आमच्या आजीबाईंच्या तोंडी असे बसले की ते कधी काळी परके होते अशी शंकाही कोणास येऊ नये.

या डब्यातील तेलाचा भाव कोण ठरवीत असे, आणि तो उतरविण्यासाठी किंवा तेलाचा पुरवठा चालू राहावा म्हणून सरकारने तेलकंपन्यांवर जे दडपण आणले ते कितपत लागू पडले, याचा थोडा इतिहास येथे सांगण्याचा विचार आहे. विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु ज्या समाजाची दोन पिढ्यांची विद्या कंदिलाच्या उजेडात झाली आणि ज्या जिल्ह्याचा ऊस पुढे तेलाच्या एंजिनावर पोसला गेला, त्यास तो परका वाटण्याचे कारण नाही.

मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. पुढे चार वर्षांनी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसविली. तेथून गुळाचे रवे बाहेर जाऊ लागले आणि त्याच रुळांवरून रॉकेलचे डबे आत येऊ लागले. तत्पूर्वी दिव्यात करडई, करंज किंवा एरंड यांचे तेल जळत असे. ते तेल गावच्या तेल्याच्या घाण्यावरचे, म्हणून त्याचा भावही गावातच ठरे. रॉकेलची गोष्ट निराळी. ते प्रथम अमेरिकेहून आले, मग रशियातील बाकूहून आले, आणि १८९२ साली मार्कस सॅम्युअल या व्यापाऱ्याची पहिली तेलवाहू आगबोट सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आल्यावर त्याचा ओघ वाढला. १८८६ साली निघालेल्या बर्मा ऑइल कंपनीचे ब्रह्मी तेल या चढाओढीत पुढे सामील झाले.

इंग्रज सरकारचे या व्यवहारातील धोरण मोठे चतुर होते. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइलने ब्रह्मदेशात शिरकाव करण्याचा यत्न केला, तेव्हा १९०२ च्या सुमारास सरकारने त्या बलाढ्य कंपनीस दार लावून घेतले. दार लावले ते बर्मा ऑइलच्या हितासाठी खरे; पण त्या कृपाछत्राखाली नांदणाऱ्या कंपनीनेही गरिबांच्या हलक्या रॉकेलचा भाव बाहेरून येणाऱ्या मालापेक्षा कमी ठेवण्याचे धोरण बरीच वर्षे पाळले. कंपनीने हे परोपकारबुद्धीने केले असे समजण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. तेल महागून प्रजेत कुरकुर सुरू झाली असती, तर सरकारने तेच दार अमेरिकनांस उघडले असते, हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे सरकारच्या शब्दास जे वजन आले ते शब्दामुळे नव्हे, बंद दाराची किल्ली सरकारच्या कमरेला होती म्हणून.

संस्थानी मुलखास तेवढीही किल्ली नव्हती. कोल्हापूर दरबारास फार तर दुकानदारास दरडावता आले असते. परंतु बंदर मुंबईचे, जकात इंग्रजांची आणि तेल कंपनीचे. पुढील चाळीस वर्षांत कोल्हापुरात रॉकेल स्वस्त झाले काय किंवा महाग झाले काय, त्याचे कारण पंचगंगेच्या काठी कधीच सापडावयाचे नव्हते.

१९२७ चेच उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलने हिंदुस्थानात विकण्यासाठी बोल्शेविक रशियाचे रॉकेल विकत घेतले. ज्यांच्या विहिरी रशियन क्रांतीत जप्त झाल्या होत्या त्यांत रॉयल डच-शेल हा संघ होता. त्याचे सर्वाधिकारी हेन्री डिटरडिंग यांनी हे चोरीचे तेल आहे असा आक्रोश करून हिंदुस्थानच्या बाजारात भाव पाडावयास सुरुवात केली. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, या न्यायाने गिऱ्हाइकास काही महिने स्वस्ताई लाभली. देशातील तेल काढणाऱ्या कंपन्या मात्र रडत सरकारदारी गेल्या. सरकारने १९२८ साली प्रश्न टॅरिफ बोर्डाकडे सोपविला आणि कंपन्यांस हवे असलेले संरक्षण मिळाले नाही. परंतु सरकारने काय ठरविले यास महत्त्व उरलेच नव्हते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डिटरडिंग, अमेरिकेचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियन कंपनीचे जॉन कॅडमन स्कॉटलंडमधील अॅकनाकॅरी येथील वाड्यात जमले आणि ज्याचा जेवढा बाजार त्याने तेवढाच सांभाळावा असा आपसात करार करून मोकळे झाले. हा करार जगापुढे साद्यंत आला तो १९५२ साली, अमेरिकन सरकारच्या चौकशीतून. चोवीस वर्षे गिऱ्हाईक ज्यास बाजारभाव म्हणत होते, तो असा एका वाड्यात बेतलेला होता. हिंदुस्थानातही १९२८ सालीच बर्मा आणि शेल यांची विक्रीची दुकाने एक होऊन बर्मा-शेल हे जोडनाव रूढ झाले.

दुसऱ्या महायुद्धाची कहाणी येथे थोडक्यात सांगितली तरी चालेल. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, एप्रिलात येनांगयाउंगच्या तेलविहिरी इंग्रजांनी स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केल्या, आणि ब्रह्मी रॉकेल नाहीसे झाले. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. करंजाचे तेल दिव्यात परत आले. ज्यांनी त्या काळी परीक्षेचा अभ्यास केला त्यांना कंदिलाची वात किती बारीक करता येते हे सांगावयास नको. त्या काळात मोजून वाटणे एवढेच सरकारच्या हाती होते.

स्वातंत्र्य आले, आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आता तरी तेलाचा भाव आपले सरकार ठरवील अशी कोणाची समजूत झाली असल्यास ती चुकीची ठरली. १९४८ पासून कंपन्यांची ‘व्हॅल्यूड स्टॉक अकाउंट’ नावाची हिशेबपद्धती चालू होती. तीत मूळ किंमत धरावयाची ती अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखातावरील भावाच्या आधारे. तीवर जहाजभाडे, विमा, घट, जकात, साठवणीचा व वाटपाचा खर्च आणि शेवटी भांडवलावर नफा चढवावयाचा. आमच्याकडे येणारे तेल बहुतांशी इराणच्या आखातातले, तेथे तेल काढण्याचा खर्च अमेरिकेच्या मानाने अगदी थोडा. पण किंमत अमेरिकन विहिरीची! कागलच्या घाण्यावरचे भुईमुगाचे तेल घेऊन कोणी आमच्या दारी आला आणि ‘राजकोटास आज हाच भाव आहे’ असे म्हणाला, तर आपण त्यास ओट्यावरूनच परत पाठवू. तेलकंपन्यांस परत पाठविण्याची सोय नव्हती, कारण दारी येणारे सगळेच हाच हिशेब घेऊन येत.

शिवाय सरकारने आपले हात आपणच बांधून घेतले होते. १९५१ साली इराणने आपले तेल राष्ट्रीय केले, आबादानचा कारखाना बंद पडला, आणि आपल्या देशातच तेल शुद्ध करण्याची सोय हवी हे सर्वांस पटले. तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस स्टँडर्ड-व्हॅक्यूम व बर्मा-शेल यांच्याशी, आणि १९५३ साली कॅलटेक्सशी, करार झाले. तुर्भ्याचे दोन कारखाने १९५४ व १९५५ साली सुरू झाले. या करारांत पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही असे वचन दिलेले होते, आणि कच्चे तेल कोठून आणावयाचे ते कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले होते. या करारांवर पुढे पुष्कळांनी तोंडसुख घेतले. आमचे मत थोडे निराळे आहे. त्या वेळी देशात ना तंत्रज्ञ होते, ना परकीय चलन, ना स्वतःची विहीर (एक आसाम सोडला तर). अडलेल्या माणसाने केलेला तो सौदा होता. दोष द्यावयाचा तर तो कच्च्या तेलाच्या कलमास द्यावा. पुढचा सारा तंटा त्यातूनच निघाला.

तो तंटा पेटला १९६० साली. तत्पूर्वी सरकारच्या हिशेबतपासनिसांनी कंपन्यांच्या वह्या चाळल्या होत्या आणि १९५८ साली काही दरकपात पदरात पाडून घेतली होती. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांस तेवढ्याने समाधान नव्हते. सोव्हिएत रशियाने स्वस्तात कच्चे तेल देऊ केले, तेव्हा ते तुमच्या कारखान्यांत शुद्ध करून द्या अशी मागणी त्यांनी तिन्ही कंपन्यांकडे केली. कंपन्यांनी कराराचे कलम पुढे केले आणि नकार दिला. त्याच उन्हाळ्यात क्यूबात नेमका हाच प्रश्न निघाला होता. तेथे कंपन्यांनी नकार देताच फिडेल कॅस्ट्रो यांनी कारखानेच ताब्यात घेतले. दिल्लीने तसे केले नाही. शब्द दिला होता तो पाळला. परंतु शब्द कच्च्या तेलापुरता होता. शुद्ध केलेले तेल कोठून आणावे याविषयी करार काही बोलत नव्हता! १९५९ च्या जूनअखेर सरकारने इंडियन ऑइल कंपनी नावाचे स्वतःचे दुकान काढले होते. १७ ऑगस्ट १९६० रोजी ‘उझगोरोद’ नावाचे रशियन जहाज ११,३९० टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीरपाव धक्क्यास लागले, आणि त्याची किंमत रुपयांत चुकवावयाची होती.

मुंबईच्या धक्क्यावरील एका जहाजाचे कोल्हापुरास काय, असे कोणी विचारील. त्या काळी पंचगंगा, भोगावती, वारणा यांच्या काठी शेतकरी तेलाच्या एंजिनावर पाणी उपसून ऊस पिकवीत होता. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदीत पाणी अडवीत. पण अडलेले पाणी चढावरच्या मळ्यात आपल्या पायांनी जात नाही. ती एंजिने ओतणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांवरच आमच्या उद्यमनगराची भरभराट झाली. डिझेलचा भाव चढला की उसाच्या प्रत्येक पाळीचा खर्च चढे, आणि एंजिन बंद राहिले तर एका पंधरवड्यात उभे पीक माना टाकी. वीज गावोगाव पोहोचेपर्यंत या जिल्ह्याचे पोट त्या एंजिनाशी बांधलेले होते.

दडपण म्हणतात ते खरे येथे लागू पडले. रशियन कच्चे तेल घेणार नाही म्हणणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कच्च्या तेलाच्या किमतीत मात्र सूट देऊ केली. ‘उझगोरोद’ मुंबईस लागण्याच्या आठच दिवस आधी, ९ ऑगस्टला, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने आखाती तेलाचे जाहीर भाव उतरविले होते. रशियन तेलाची जगभरची स्पर्धा त्यामागे होती. त्या कपातीने ज्यांचे उत्पन्न बुडाले ते तेलधनी देश सप्टेंबरात बगदादला जमले आणि त्यांनी ओपेक ही संघटना काढली. ज्या स्वस्ताईवर आपण खूष झालो होतो तिच्याच पोटी पुढची महागाई जन्मास आली.

याच सुमारास के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली तेलभाव चौकशी समिती नेमली गेली. १९६१ च्या तिच्या अहवालाने मोठी क्रांती केली नाही. परदेशी भावाचा आधार तिने कायम ठेवला. पण जाहीर भाव हा खरा भाव नव्हे, प्रत्यक्ष व्यवहारात सूट मिळते आणि ती वजा केलीच पाहिजे, हे तिने ठासून सांगितले. जी रक्कम कंपन्या ‘व्यापारी गुपित’ म्हणून झाकून ठेवीत होत्या ती हिशेबाच्या कागदावर आली. मोर्चे आणि भाषणे यांपेक्षा अशा नीरस वजाबाक्यांनी गिऱ्हाइकाचे अधिक कल्याण झाले असे आम्हांस वाटते, जरी या वजाबाक्या करणारांचे पुतळे कोठे उभारले गेले नाहीत.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत. १९७२ पासून मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणी उगारली. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर जगभर तेलाचे भाव कडाडले. १९७४ साली एसो आणि १९७६ साली बर्मा-शेल सरकारच्या मालकीची झाली, तीही जप्तीने नव्हे, मोबदला देऊन. हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ही त्यांची नवी नावे.

तेव्हापासून दडपण आणणारा आणि ते सोसणारा एकाच घरात राहू लागले. भाव सरकारने ठरवावा आणि तोटा सरकारच्याच कंपनीने सोसावा, ही व्यवस्था २००२ पर्यंत उघडपणे चालली. २०१० साली पेट्रोलचा, २०१४ साली डिझेलचा भाव कंपन्यांवर सोपविल्याचे जाहीर झाले, आणि २०१७ च्या जूनपासून तो रोज बदलू लागला. तथापि एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत, युक्रेनच्या युद्धाने जगाचे भाव वरखाली होत असताही, सरकारी कंपन्यांनी आपण होऊन भाव हलविला नाही. मे २०२२ मध्ये तो उतरला तो केंद्राने अबकारी कर कमी केला म्हणून. पहिल्या सहा महिन्यांत त्यांस तोटा आला, पुढे कच्चे तेल उतरल्यावर मोठा नफाही झाला. खाजगी पंपवाल्यांस मात्र तोटा सोसण्याचे कारण नव्हते; त्यांनी विक्री आखडती घेतली, आणि गर्दी सरकारी पंपांवर लोटली. तेव्हा जून २०२२ मध्ये सरकारने सर्व पंपांस नियम लागू केला की ठरलेल्या वेळी पंप उघडा ठेवलाच पाहिजे आणि गिऱ्हाइकास तेल दिलेच पाहिजे. १ जुलैला निर्यात होणाऱ्या पेट्रोल-डिझेलवर जादा कर बसविला आणि निर्यातीच्या मानाने काही हिस्सा देशात विकण्याचे बंधन घातले. तो कर २०२४ च्या डिसेंबरात काढून घेण्यात आला.