बेने इस्राएल : सण व कालगणना

कोकण, ठाणे व मुंबई येथील मराठीभाषक ज्यू समाजाचे धार्मिक वर्षचक्र. हिब्रू पंचांग चांद्र-सौर असून १९ वर्षांत ७ अधिकमास येतात. त्यामुळे सण ऋतूंशी जुळून राहतात. सणांना जुनी मराठी नावे आहेत : तिश्रीच्या प्रारंभी नव्याचा सण (रोश हशाना), दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण (योम किप्पूर), अदार १४ रोजी होळीचा सण (पुरीम) आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाप्रीत्यर्थ आव ९ रोजी बिरड्याचा सण. मसीहाच्या आगमनाची वर्दी देणारा संदेष्टा एलियाहू हनबी याच्यावर समाजाची विशेष श्रद्धा आहे. त्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. बेने इस्राएल परंपरेत मसीहाची प्रतीक्षा अजून सुरूच आहे.