ताज महाल फॉक्सट्रॉट

मुंबईतील जॅझच्या इतिहासावरील नरेश फर्नांडिस यांचा इंग्रजी ग्रंथ व त्यासोबतची ध्वनिमुद्रणांची सीडी (रोली बुक्स, २०१२). जुन्या लाखेच्या तबकड्यांवर विखुरलेले मुंबईच्या वाद्यवृंदांचे संगीत या संकलनामुळे पुन्हा ऐकता आले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत; त्यामुळे रचना आटोपशीर असत. ग्रंथाचे नाव मेना सायलस यांच्या रचनेवरून घेतले आहे. अमेरिकन ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने ती १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केली. त्याआधी १९३५ मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांच्या वाद्यवृंदाने मुंबईच्या ताज महाल हॉटेलात कार्यक्रम केले होते.

स्थानिक वादकांत गोव्याच्या हळदोणे गावचे शिक चॉकलेट (ॲन्टोनियो शेवियर वाझ, १९१६–६७) अग्रगण्य. ‘मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग’ अशी त्यांची ख्याती होती. पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन यांचे मूळ नाव कावसजी खटाव. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलेखन शिकलेले अनेक वादक पुढे चित्रपटसृष्टीत वाद्यसंयोजक झाले. सी. रामचंद्र यांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील एका गाण्यात शिक व त्यांचे साथीदार झालरींच्या बाह्यांचे पोशाख घालून पडद्यावरही दिसतात. मुंबईत दारूबंदी लागू झाल्यानंतर हॉटेलांतील नृत्यसंध्या रोडावल्या आणि चित्रपटांचे ध्वनिमुद्रण हाच अनेक वादकांचा मुख्य चरितार्थ बनला.