लमाणी वस्त्रांवरची बखर

सिकंदराबादच्या रेल्वे स्थानकावर गावाकडे निघालेल्या उतारूंमध्ये अजूनही एखादी वृद्ध लमाण स्त्री दृष्टीस पडते. घेरदार फेटिया, पाठीवर बंदांनी बांधलेली काचळी, माथ्यावरून सोडलेली ओढणी; आणि या तिन्हींवर भिंगे, कवड्या, नाणी व रंगीत दोऱ्यांची दाटी. आपण क्षणभर कौतुकाने पाहतो आणि आपल्या गाडीकडे वळतो. पण श्रोतेहो, दख्खनच्या इतिहासाचे एक पान त्या वस्त्रांवर दोऱ्याने लिहिलेले आहे.

लमाण, लंबाडा, बंजारा ही एकाच समाजाची नावे. बैलांचे तांडे घेऊन हे लोक उत्तरेतून दक्षिणेत उतरले. धान्य आणि मीठ यांची वाहतूक हा त्यांचा व्यवसाय. सतराव्या शतकात मोगलांच्या फौजा दख्खनवर आल्या, तेव्हा त्यांच्या मागोमाग लमाणांचे बैल होते. १८०३ साली असईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीलाही रसदीसाठी त्यांचा आधार घ्यावा लागला.

ज्यांचे घर बैलाच्या पाठीवर, त्यांनी भिंती कोठून रंगवाव्यात? लमाण स्त्रीने आपली सारी हौस अंगावरच्या वस्त्रावर, धान्याच्या पिशवीवर, बैलाच्या झुलीवर आणि घागरीखालच्या चुंबळीवर उतरवली. निळ्या-तांबड्या जाड्याभरड्या कापडावर निरनिराळ्या रंगांचे तुकडे जोडावयाचे आणि त्यांवर टाके घालावयाचे. भिंग बसविताना प्रथम त्यावर दोऱ्याची आडवीउभी जाळी ओढावयाची, मग त्या जाळीत टाके गुंफून भोवती कडे विणावयाचे. आईच्या हाताकडे पाहत मुलगी हे सारे शिकत असे. या कामात शोभा होती, तशी मजबुतीही होती. कारण तांड्याच्या वाटेवर काट्याकुट्यांतून जाणारे वस्त्र टिकणे अगत्याचे होते. आपण ‘कवडीमोल’ म्हणून जिचा अधिक्षेप करतो, ती कवडी एकेकाळी बाजारात चलन म्हणून फिरत असे. नाण्यांशेजारी टाकलेल्या कवड्या पाहिल्या, की मुलूखभर फिरलेल्या व्यापाराची आठवण होते.

१८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादपर्यंत लोहमार्ग आला. बैलांच्या तांड्यांना जेथे आठवडे लागत, तेथे मालगाडी दिवसांत पोहोचू लागली. वाटा गेल्या, व्यवसाय गेला. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का पुढे काही प्रांतांत या समाजावर बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुरुषांचा वेष भोवतालच्या लोकांसारखा होत गेला. जुन्या जीवनाची खूण उरली ती स्त्रियांच्या वस्त्रांवर.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने आजीची काचळी शाळेत दाखविण्यास आणली. इतर मुली हसल्या. तिने ती निमूटपणे दप्तरात घातली आणि पुन्हा कधी आणली नाही. त्या हसण्याचा दोष मी मुलींना देत नाही. आम्ही त्यांना असईची लढाई शिकविली होती, पण त्या लढाईचे धान्य वाहून आणणारा तांडा शिकविला नव्हता.

आज कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामास भौगोलिक मानांकन लाभले आहे, आणि त्या कामावर काही स्त्रियांची चूलही पेटते. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जुने फेटिये कापून त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात, तेव्हा ते वस्त्र कोणी, कोणत्या तांड्यात शिवले, हेही कापडाबरोबर कापले जाते. आजच्या मुलींनी तो जड पोशाख रोज घालावा, असे कोण म्हणेल? साडी वा सलवार त्यांना सोयीची आहे. मात्र घरच्या पेटीत अशी काचळी असेल, तर ती विकण्यापूर्वी आजीजवळ घटकाभर बसावे, ती कोणाच्या हातची हे विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. बखर जपावयाची, तर ती लिहिणारीचे नावही जपले पाहिजे.