कोड्याने भीती ओसरते का?

जुन्या धाटणीच्या भयगेमबद्दल एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात सांगितले जाते. भीती अंगावर येते, कोडे मात्र थंड डोक्याने सोडवावे लागते. त्यामुळे खेळाडू कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे जुळवू लागला की त्याची भीती संपलीच म्हणायची. मग हातात उरतात ते जाडेभरडे पिक्सेल आणि स्मरणरंजन.

या पूर्वपक्षाकडे उदाहरण आहे आणि ते भक्कम आहे. १९९३च्या ‘द सेव्हन्थ गेस्ट’मधल्या झपाटलेल्या वाड्यात एक केक असा कापायचा असतो की कवट्या आणि थडगी प्रत्येक वाट्याला सारखीच यावीत. दुसरीकडे बुद्धिबळाच्या पटावर वजीर असे मांडायचे की कोणी कोणाच्या माऱ्यात येऊ नये. केक समोर असेपर्यंत वाड्यातले कोणीही तुम्हाला हात लावत नाही. तासभर विचार करा, काही बिघडत नाही. तिथे भीती मरते, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण ती कोड्याने मरते, की कोडे धोक्यापासून तोडल्यामुळे? पूर्वपक्ष इथेच घसरतो. एका गेममधला रचनेचा दोष तो कोड्याच्या स्वभावावर लादतो.

‘क्लॉक टॉवर’ पाहा. हिफुमी कोनो यांच्या दिग्दर्शनाखाली ह्यूमन एंटरटेनमेंटने १९९५ साली सुपर फॅमिकॉम या कन्सोलसाठी तो जपानमध्ये काढला. इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो यांच्या ‘फिनॉमिना’ या १९८५च्या चित्रपटाची छाया त्यावर उघड दिसते, नायिकेचे जेनिफर हे नावसुद्धा तिथलेच. नॉर्वेमधल्या अनाथालयातून चार मुली बॅरोज घराण्याच्या वाड्यात येतात, दिवे जातात, किंकाळी ऐकू येते आणि जेनिफर एकटी उरते. तिच्या मागावर असतो भल्यामोठ्या कात्रीचा ‘सिझरमॅन’. तिच्याकडे शस्त्र नाही. पळायचे, लपायचे, नाहीतर हाताशी येईल त्या वस्तूने वेळ मारून न्यायची. पूर्ण खेळ एका बैठकीत संपतो.

यात कोडे सोडवायचे म्हणजे कर्सर वस्तूवर नेऊन बटण दाबायचे. पडदा सारा, खोके हलवा, कपाट उघडा. किल्ली अशीच मिळते, आणि कात्रीही अशीच बाहेर येते. न्हाणीघरातला पडदा सारला तर मागे काय असेल हे त्या खेपेवर अवलंबून असते. कधी तिथे लॉरा या मैत्रिणीचे प्रेत असते आणि टबमधून मारेकरी उसळतो. शोधण्याची कृती आणि संकट ओढवून घेण्याची कृती एकच. शोधावे तर धोका, न शोधावे तर सुटका नाही. कोडे काढून टाका, म्हणजे त्या पडद्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

जेनिफरच्या चालीबद्दलही तक्रार होते. ती हळू चालते, जिने चढताना जीव खाते. मला तर हाच या रचनेचा सर्वांत विचारी भाग वाटतो. खेळाडूची बुद्धी पुढे धावते, पण मुलीचे शरीर मागे राहते. बराच वेळ संगीतही नसते, फक्त तिची पावले वाजतात. आपण विचार करत असतो आणि कान त्या पावलांमागे दुसरे काही ऐकू येते का ते पाहत असतात.

बुद्धी जागी झाली की भीती जाते, हे गृहीतकही आपल्या रसविचारापुढे टिकत नाही. नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय आहे, आणि त्याला पोसणाऱ्या व्यभिचारी भावांत शंका आहे. शंका हे मनाचे कामच आहे: हे दार मघाशी बंद होते का, ही बाहुली इथे कशी आली? चांगले कोडे नेमकी हीच शंका मागते. जो काही तर्कच करत नाही तो दचकेल, पण दचकणे क्षणाचे असते. पिक्सेलच्या आक्षेपावर एवढेच पुरे, की शंकेला चेहऱ्यावरची छिद्रे मोजता येईल इतक्या स्पष्ट चित्राची गरज नसते.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे: कोडे एकदा सुटले की दुसऱ्या खेपेला काय? ‘क्लॉक टॉवर’मध्ये खोल्यांची मांडणी आणि मैत्रिणींचे मृत्यू खेपेगणिक बदलतात, म्हणून पाठ केलेला वॉकथ्रूसुद्धा पूर्ण आधार देत नाही. शिवाय शेवट अनेक आहेत आणि त्यांना दर्जे दिले आहेत. गॅरेजमध्ये गाडी आहे. तिची किल्ली मिळाली की मैत्रिणींना वाड्यात सोडून एकटीने निघून जाता येते. कोड्याच्या हिशेबाने हे उत्तर चोख आहे, किल्ली लागते, गाडी सुरू होते. गेम मात्र या शेवटाला सर्वांत खालचा दर्जा देतो. हे ठाऊक असलेला खेळाडू पुढच्या खेपेला ती किल्ली पाहतो तेव्हा कात्री आसपास नसतानाही त्याचा हात अडखळतो, आणि त्या अडखळण्याचे उत्तर ‘कोड्याने भीती मरते’ म्हणणाऱ्यांनी द्यायला हवे.