पडक्या भिंतींची साक्ष : वसईच्या जुन्या कॉलेजाचा शोध



ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तकांत आपल्या पूर्वजांच्या इतिहासावर कांहीं लिहावें, अशी मंडळाची इच्छा झाली. ती पुरी करतांना मला प्रथम माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षें मी धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांना वसईच्या किल्ल्यांत घेऊन जात असें. तेथें फ्रान्सिस्कन मठाच्या भग्न कमानीखालीं उभा राहून मी त्यांना सांगत असें, “आपले संत गोन्सालो गार्सिया लहानपणीं याच ठिकाणीं शिकले.” संत गोन्सालो फ्रान्सिस्कन होते आणि मठ फ्रान्सिस्कनांचा होता, तेव्हां शाळाही तीच असली पाहिजे, असें मीं मनाशीं धरून ठेविलें होतें. एके वर्षीं एका लहान मुलीनें विचारलें, “फादर, संत गोन्सालो फ्रान्सिस्कन झाले कोठें?” मी म्हणालों, “मनिला शहरांत.” ती म्हणाली, “मग वसईंत असतांना ते फ्रान्सिस्कन नव्हतेच ना?”

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं येऊन मीं पुस्तकें उघडलीं, आणि जुन्या इमारतींचा इतिहास कसा शोधावा याचा पहिला धडा मला त्या मुलीमुळें मिळाला.

संतांचें चरित्र आपणांस ठाऊक आहेच. त्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. येशूसंघाच्या पाद्र्यांपाशीं ते शिकले आणि किशोरवयांतच त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथें त्यांनीं पुढें व्यापार केला, आणि त्यानंतर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश घेतला. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आलें. १६२७ मध्यें त्यांना धन्यवादित व १८६२ मध्यें संत म्हणून जाहीर करण्यांत आलें. म्हणजे शिक्षण येशूसंघीयांकडे आणि व्रत फ्रान्सिस्कनांचें. मी या दोन गोष्टींची सरमिसळ करून मुलांना भलतीच भिंत दाखवीत होतों.

मग खरी भिंत कोणती? वसईच्या कोटांत पडक्या देवळांची वाण नाहीं. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन, आगुस्तीनियन या सर्वांचीं देवळें व मठ तेथें होते. शिवाय संत योसेफाचें मुख्य देऊळ होतें. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हांपासून १७३९ पर्यंत दोनशेंहून अधिक वर्षें हें शहर वाढत गेलें. अशा ठिकाणीं नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाहीं. साक्षीदार बोलावावे लागतात.

पहिला साक्षीदार दगड. डॉक्टर गेर्सन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानानें चौल व वसई येथील प्राचीन वास्तूंवर १८७६ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वसईच्या शिळांवरील पोर्तुगीज लेख त्यानें त्यांत उतरून घेतले आहेत. सेमिनरींत शिकलेल्या थोड्याफार लॅटिनच्या आधारानें मीं ते लावण्याचा यत्न केला. येशूसंघीयांच्या देवळांतील एका थडग्यावर इजाबेल द आगियार या विधवा बाईचें नांव आहे. ती २४ जानेवारी १५९१ रोजीं वारली, आणि ती या कॉलेजाची मोठी उपकारकर्ती होती, असें तो लेख सांगतो. “या कॉलेजाची” हे शब्द वाचतांच माझा शोध संपला. मठाधीशांचीं वा कप्तानांचीं मोठमोठीं नांवें जें सांगूं शकलीं नाहींत, तें एका विधवेच्या थडग्यानें सांगितलें. त्याच देवळांत फिलिपा द फोन्सेका हिचीही शिळा होती. ही दुसरी विधवा १६२८ मध्यें वारली. आपल्या हयातींतच तिनें आपलें सर्वस्व देवळास अर्पण केलें होतें. मंदिराच्या दानपेटींत दोन दमड्या टाकणारी शुभवर्तमानांतील विधवा येथें कोणास आठवणार नाहीं?

पुस्तक हातीं घेऊन मी त्या देवळासमोर पुन्हां उभा राहिलों. दर्शनी बाजूचे कोरीव खांब आणि दारावरील आय. एच. एस. हीं येशूच्या नांवाचीं अक्षरें मीं पूर्वीं शंभरदां पाहिलीं असतील. पण तीं वाचलीं नव्हतीं. शेजारीं चौकाच्या ज्या भिंती उभ्या आहेत, तेंच तें कॉलेज. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं मेल्कियोर गोन्सालविस या पाद्र्याला १५४८ मध्यें वसईस पाठविलें, आणि येथील येशूसंघाच्या कामाचा पाया पडला. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्या काळीं कॉलेज म्हणजे आजच्यासारखी पदव्या देणारी संस्था नव्हे. पाद्र्यांचें निवासस्थान, मुलांची शाळा आणि धर्मप्रसाराचें ठाणें, हीं तिन्ही एका छपराखालीं असत. जुना शब्द आजच्या अर्थानें वाचला कीं इतिहास बिघडतो.

दगड खोटें बोलत नाहींत. पण आपण त्यांचें बोलणें चुकीचें ऐकूं शकतों. संत योसेफाच्या देवळाच्या दारावर १६०१ हें वर्ष कोरलेलें आहे. घाईचा वाचक म्हणेल, देऊळ त्या वर्षीं बांधलें. परंतु सबंध लेख वाचला तर तो सांगतो कीं, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत देवळाचा जीर्णोद्धार झाला. मूळ देऊळ त्यापूर्वीं सुमारें अर्धशतकाचें आहे. उलट, तटाच्या सेबास्तियन बुरुजावरील लेख पाया घातल्याचाच दिवस देतो : २२ फेब्रुवारी १५५४. म्हणून वर्ष वाचण्यापूर्वीं क्रियापद वाचावें.

दुसरा साक्षीदार कागद. आन्तोनियो बोकारो यानें १६३५ मध्यें पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील किल्ल्यांचें वर्णन लिहिलें; त्याला पेद्रो बार्रेतो द रेझेन्द यानें काढलेले नकाशे जोडलेले आहेत. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्यें वसईस आला आणि आपण पाहिलेलें लिहून गेला. पुढें १८८२ मध्यें ठाणें जिल्ह्याचें ग्याझेटियर छापलें गेलें. हे निरनिराळ्या काळांतील लेख एकमेकांशेजारीं ठेवले म्हणजे कोणती इमारत केव्हां उभी होती व केव्हां पडली, हें हळूहळू उलगडत जातें.

तिसरा साक्षीदार म्हणजे गांव सोडून गेलेल्या वस्तू. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या मराठी सैन्यानें वसई जिंकली. या विजयानंतर देवळांच्या घंटा ठिकठिकाणच्या मंदिरांत गेल्या, अशी परंपरा आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतीलच मानतात. तिच्यावर क्रूस व १७२१ हें वर्ष आहे. घंटा केव्हां ओतली तें वर्ष सांगतें. ती कोणत्या देवळाच्या मनोऱ्यांत वाजत होती तें सांगत नाहीं. म्हणून ती अमुकच देवळाची, असें छातीठोकपणें म्हणूं नये. उलट दिशेनें पाहिलें, तर जुन्या गोव्यांत बॉम जेझुच्या दर्शनी भिंतीचा काळा दगड वसईहून नेलेला आहे. तें देऊळ १६०५ मध्यें पवित्र करण्यांत आलें. संत झेवियरच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनीं त्या भिंतीला हात लावून पाहावा. तो आपल्याच भूमीचा दगड आहे.

१७३९ नंतर पाद्री गेले, छपरें कोसळलीं, चौकांत झाडें उगवलीं. पण ज्या लोकांसाठीं तें कॉलेज उभें राहिलें, ते येथेंच राहिले. तेच आपण. बाप्तिस्म्याचें पाणी व आईच्या मुखांतील प्रार्थना हीं कोणत्याही भिंतींपेक्षां टिकाऊ ठरलीं.

पुढच्या वर्षीं मीं मुलांना योग्य ठिकाणीं नेलें आणि आपली चूक त्यांच्यासमोर सांगितली. माझे शब्द ज्यांनीं वर्षानुवर्षें ऐकले, त्या सर्वांपर्यंत पोंचण्यासाठीं आज तीच कबुली येथें छापून देत आहें. चुकीची गोष्ट भक्तिभावानें सांगितली म्हणून ती खरी होत नाहीं. आणि संतांच्या गौरवाला आमच्या कल्पनांच्या टेकूची गरज नाहीं.

आतां एक विनंती. आज गांवोगांवीं कौलारू घरें पाडून मजल्यांच्या इमारती उठत आहेत. लोकांना राहावयास जागा हवी. त्याला माझा विरोध नाहीं. परंतु घर पाडण्यापूर्वीं एक दिवस थांबा. तुळईवर कोरलेलें वर्ष, अंगणांतील क्रुसाच्या पायथ्यावरील अक्षरें, पेटींतील जुने दस्त व छायाचित्रें नीट पाहा. त्यांचीं चित्रें घ्या, म्हाताऱ्या आजोबा-आजींना नांवें विचारा, तीं तारखेसह लिहून ठेवा आणि एक प्रत धर्मग्रामाच्या कचेरींत द्या. आपल्या हें क्षुल्लक वाटेल. पण इजाबेल बाईच्या थडग्यावर तो एक शब्द कोरणाऱ्या पाथरवटालाही, साडेचारशें वर्षांपूर्वींच्या शाळेचा पत्ता आपण लिहून ठेवीत आहों, हें कोठें ठाऊक होतें?

ज्या प्रभूनें आपल्या पूर्वजांना या भूमींत राखलें, तो आपणांसही त्यांचें ऋण ओळखण्याची बुद्धि देवो, आणि संत गोन्सालो आपल्यासाठीं विनंती करोत.

आपला सेवक,
धर्मगुरु