जसा निकाल, तसे दाम

दिवाळीची सुट्टी लागली की इतरांच्या घरी फराळाचे डबे भरतात. मास्तराच्या घरी त्या डब्यांशेजारी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही असतो. एका हाताने चकली मोडावी आणि दुसऱ्या हाताने लाल फुली मारावी, असा आमचा सण! यंदा गठ्ठा सोडताना सहज मनात आले, हे गुण मी कोणाला देतो? मुलाला की शाळेला? गुण मिळवतो मुलगा. पण त्यांची टक्केवारी काढून ती फाटकावर लावली की ते शाळेचे होतात. मुलांच्या गुणांवरून शाळेची किंमत ठरवण्याची ही रीत आजची नव्हे. तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली, आणि तिची कहाणी विलायतेत सुरू होऊन आपल्या पुण्यापर्यंत येते.

१८३३ साली इंग्लंडच्या सरकारने गरिबांच्या शाळागृहांसाठी २० हजार पौंड मंजूर केले. तीस वर्षांच्या आत हे अनुदान आठ लाखांवर गेले. मध्यंतरी क्रिमियाच्या युद्धाने तिजोरी खंगली होती. एवढे पाणी घालतो, तर पीक किती येते, असे लोक विचारू लागले. प्रश्न गैर नव्हता. १८५८ साली न्यूकॅसल आयोग नेमला गेला व १८६१ साली त्याचा अहवाल आला. मास्तर वरच्या वर्गातल्या मुलांवर मेहनत घेतात आणि धाकट्यांना साधे लिहितावाचता येत नाही, असे त्याचे मुख्य गाऱ्हाणे होते. म्हणजे मूळ कळवळा मागे पडलेल्या पोरांचाच होता, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षणखाते तेव्हा रॉबर्ट लो या हिशेबी गृहस्थाच्या हाती होते. ही व्यवस्था स्वस्त झाली नाही तर परिणामकारक होईल, आणि परिणामकारक झाली नाही तर स्वस्त तरी होईल, अशा आशयाची हमी त्याने पार्लमेंटला दिली, आणि १८६२ साली सुधारित नियमावली आणली. तिचे गणित असे. सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग. शिवाय वर्षात दोनशेहून अधिक हजेऱ्या भरलेल्या मुलाची सरकारी तपासनीस स्वतः परीक्षा घेणार. त्यावर आणखी आठ शिलिंग. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. तिन्हींत नापास, तर आठही शिलिंग गेले. पहिल्या इयत्तेच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचावी आणि वीसपर्यंतचे आकडे ओळखावेत. सहावीच्या मुलाने वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचावा. बस्स, शिक्षण म्हणजे इतकेच.

पूर्वी सरकार शिक्षकाच्या पगाराला थेट हातभार लावी. तो बंद झाला. सगळा पैसा शाळेच्या चालकांकडे जाऊ लागला, आणि मास्तराची भाकरी पोरांच्या जिभेवर लटकू लागली. मग व्हायचे तेच झाले. इतिहास-भूगोलाला दाम नव्हता. ते विषय वेळापत्रकाच्या कडेला गेले. वाचनाचे एकच पुस्तक वर्षभर घोकून घेतले जाई. पुस्तक उलटे धरले तरी मुले अस्खलित ‘वाचत’, असे किस्से आजही सांगितले जातात. आजारी मुलाला तपासणीच्या दिवशी पाठवावे की नाही, हा आईचा प्रश्न राहिला नाही. तो शाळेच्या जमाखर्चाचा झाला. सरकारचे अनुदान मात्र काही वर्षांतच साडेसहा लाखांच्या खाली उतरले. स्वस्ताईची हमी तेवढी खरी ठरली!

या तपासनीसांत मॅथ्यू आर्नल्ड नावाचा कवी होता. १८५१ पासून पस्तीस वर्षे त्याने हीच नोकरी केली. नियमावली येताच आपल्याच खात्याच्या या धोरणाविरुद्ध त्याने लेख लिहिला. पुढे अहवालांतूनही तो बजावत राहिला, की खरे लिहितावाचता येत नसतानाही मुलांना या परीक्षेतून पार करणे शक्य आहे. १८९० च्या नियमावलीने ही पद्धत बरीच सैल केली, व त्या दशकाअखेर ती इंग्लंडातून गेली.

तोवर ती जहाजातून आपल्याकडे येऊन पोचली होती. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात खासगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व ठरले, आणि मुंबई इलाख्यात ते अनुदान निकालाच्या मापाने मोजले जाऊ लागले. १८८२ साली हंटर आयोग आला, तेव्हा पुण्याहून जोतीराव फुल्यांनी त्याला निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांतली मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण मास्तराच्या नजरेने ते निवेदन वाचावे. निकालावर पैसा देण्याची पद्धत गरीब व अज्ञानी लोकांत शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही, असे त्यांत आहे. त्या लोकांत अजून विद्येची गोडीच निर्माण झालेली नाही, तेथे स्वतःच्या हिमतीवर शाळा घालून मास्तराचे पोट कसे भरणार?

तथापि जोतीराव तपासणीच्या विरुद्ध नव्हते. डिपुटी वर्षातून एकदा येऊन जातो त्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देताही यावे, असे त्यांनी सुचवले. पुष्कळ मुले पास करणाऱ्या मास्तराला उत्तेजनार्थ काही जादा द्यावे, असेही म्हटले. पण आधी पोटापुरता पगार द्या, हे सांगून. बक्षीस वेगळे आणि भाकरी वेगळी, हा भेद त्यांनी ओळखला होता. सरकारला तो उमगायला वेळ लागला. १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने ही पद्धत मोडीत निघाली.

मोडीत निघाली, पण मेली नाही. २००२ साली अमेरिकेत कायदा झाला, आणि परीक्षांच्या गुणांवरून सरकारी शाळांवर यशाचा किंवा अपयशाचा शिक्का बसू लागला. २०११ साली अटलांटा शहरातील चौकशीत ४४ शाळांतून गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यांत गुंतले होते. चुकलेली उत्तरे खोडून बरोबर करणारे हात पोरांचे नव्हते, गुरुजींचे होते.

आपण त्यांना हसू नये. मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो, तिचा दहावीचा निकाल एका वर्षी शंभर टक्के लागला. फाटकावर फलक झळकला, पेढे वाटले गेले. त्याच्या आदल्या वर्षी नववीत एक मुलगा होता. गणितात कच्चा, पण कोणाची सायकल बिघडली की सगळे त्याच्याकडे धावत. त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले गेले, “याला आता बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा.” मी वर्गशिक्षक होतो, त्या वेळी शेजारीच उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, तुम्ही सांगाल तसं,” म्हणाले. मी काही सांगितले नाही.

तो फलक खोटा नव्हता. शंभर टक्के मुले पास झाली होती. फक्त शंभरांत कोणाला धरायचे, हे आम्ही आधी ठरवले होते. लोच्या हिशेबात नापास पोराची किंमत दोन शिलिंग आठ पेन्स तरी कापली जाई; म्हणजे ते पोर वहीत असे. आमच्या वहीत ते नव्हतेच.

शाळा तपासाव्यात, जरूर तपासाव्यात. जोतीरावांनी सुचवले तसे वर्दी न देता यावे. पण येणाऱ्याने एक करावे. किती पास झाले, हे फाटकावर लिहिलेलेच असते. आत येऊन हजेरीपट मागावा, आणि गेल्या वर्षीची कोणती नावे यंदा दिसत नाहीत, ते विचारावे. मला कोणी विचारले असते, तर एक नाव मी सांगितले असते.